जुलै 2011मध्ये सुदानपासून स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानकडे तेल होतं, जगाचा पाठिंबा होता. मग अडीच वर्षांत यादवी का पेटली?

‘डिंका आणि नुएर या दोन मोठ्या जमातींचं जुनं वैर’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. माझ्या मते खरं दुखणं लष्कराच्या पगारपत्रकात होतं.

सुदान सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांच्यातल्या 2005च्या शांतता करारानंतर दक्षिणेत एसपीएलए या मुख्य बंडखोर फौजेखेरीज अनेक सशस्त्र गट होते, त्यांतले कित्येक खार्टूमच्या, म्हणजे सुदान सरकारच्या, पैशावर पोसलेले. जुलै 2005मध्ये एसपीएलएचे नेते जॉन गरांग हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्यांच्या जागी आलेल्या साल्वा कीर यांनी या गटांशी लढण्याऐवजी त्यांना पदरात घेतलं. जानेवारी 2006च्या जुबा (दक्षिणेची राजधानी) जाहीरनाम्याने अशाच एका गटाचे प्रमुख पाउलिनो मातिप यांची फौज लष्करात आली. (त्या वेळी दुसरा रस्ताही फारसा नव्हता.) मात्र हे गट मोडून सैनिक एकमेकांत नीट मिसळले गेले नाहीत. पगार सरकारचा, निष्ठा आपल्या सेनापतीशी. शिवाय बंड केलं की माफी आणि हुद्दा मिळतो, हे बाकीच्यांनी हेरलं.

हे सगळं चालायचं तेलाच्या पैशावर. सरकारी महसुलातला सुमारे 98 टक्के वाटा तेलाचा, आणि पाइपलाइन मात्र उत्तरेतून पोर्ट सुदानला जाणारी. खार्टूमने बॅरलमागे 36 डॉलर मागितले, थकबाकीपोटी तेल उचलायलाही सुरुवात केली. मग जानेवारी 2012मध्ये जुबाने रोजचं सुमारे साडेतीन लाख बॅरल उत्पादन स्वतःच बंद केलं. आपल्या ओएनजीसी विदेशलाही त्याची झळ बसली. स्वाभिमान म्हणून ठीक, पण तिजोरीचं कंबरडं मोडलं. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला एप्रिल 2013 उजाडला.

जुलै 2013मध्ये डिंका असलेल्या अध्यक्ष कीर यांनी नुएर असलेले उपाध्यक्ष रिएक माचार यांच्यासह अख्खं मंत्रिमंडळ काढलं. 15 डिसेंबरला जुबात अध्यक्षांच्या रक्षक दलातच गोळीबार झाला आणि काही दिवसांत लष्कराच्या तुकड्या जमातीनुसार फुटल्या. 1991मध्ये माचार यांच्या बाजूच्या फौजांनी बोर या शहरात डिंकांची कत्तल केली होती, ती कुणी विसरलं नव्हतं. जुबात नुएर नागरिकांना घराघरांतून शोधून मारण्यात आलं.

ही यादवी थांबवण्यासाठी झालेल्या 2018च्या करारातही औषध तेच: पाच उपाध्यक्ष आणि 83 हजारांचं संयुक्त सैन्य. त्यातली पहिली तुकडी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडायलाच ऑगस्ट 2022 उजाडला. निवडणूक पुढे ढकलत डिसेंबर 2026वर नेली, आणि मार्च 2025मध्ये माचार नजरकैदेत गेले.