आवाज कुठनं येतोय ते आधी दाखवा, आकड्याचं मग बोलू

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे 2013 ची हॅचबॅक आहे, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगवाली, एक लाख आठ हजार किलोमीटर झालेत, शाळेत जायला-यायला मीच चालवते. गेले दोनेक महिने पार्किंगमधनं गाडी काढताना स्टीअरिंग जरा डावीकडे-उजवीकडे केलं की टक् असा आवाज येतो आणि तो हाताला पण जाणवतो. सरळ रस्त्याला काही नाही, डॅशबोर्डवर इशाऱ्याची लाइट पण लागत नाही. गॅरेजवाल्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, मॅडम रॅक गेलाय, सगळं एकदमच बदलून टाकू. कागदावर लिहून दिलंय : रॅक असेंब्ली 14,800, टाय रॉड एंड दोन 1,900, रॅक एंड दोन 2,200, लेबर 4,500, अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,200, आणि सगळ्यावर जीएसटी 18 टक्के वेगळा. म्हणजे 29,028 झाले. मी ऑनलाइन बघितलं तर काही पार्ट निम्म्या किमतीत दिसतायत. घरचे म्हणतात स्टीअरिंगचं काम आहे, तिथं घासाघीस नको. पुढच्या महिन्यात आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय. हा भाव बरोबर आहे का?
– एक शिक्षिका, मिरज

उत्तर : ताई, भावाचं मी शेवटी बोलतो, कारण तुमच्या पत्रात मला आकड्यापेक्षा एक दुसरीच गोष्ट खटकली. एक चक्कर मारली आणि रॅक, म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा खालचा दातेरी दांडा, गेला म्हणून सांगितलं. गाडी जॅकवर घेतली नाही, चाक हलवून बघितलं नाही, स्टीअरिंगखाली कुणी वाकलं नाही. रॅक खरंच गेला असेल तर तो आकडा जवळपास ठीक म्हणता येईल, पण रॅक गेलाच नसेल तर पाच हजारांत केलेलं काम पण महागच, कारण पैसे जातील आणि टक् तसाच राहील.

तुमचं वर्णन मला फार उपयोगी पडलं. उभ्या गाडीत थोडंसं वळवलं तरी आवाज, हाताला जाणवतो, सरळ रस्त्याला काही नाही. रॅक झिजला की तो साधारण खडबडीत रस्त्यावर, खड्ड्यांवरून जाताना जास्त खडखडतो. पुढच्या सस्पेन्शनची लिंक रॉड गेली असेल तरी स्पीड ब्रेकरवर, खड्ड्यात आवाज येतो, आणि कितीतरी लोकांनी ह्या लिंक रॉडच्या आवाजापायी चांगले रॅक बदललेले मी बघितलेत. तुमच्याकडे तसं नाहीये, म्हणून माझा पहिला संशय डॅशबोर्डखालच्या कॉलमवर, म्हणजे स्टीअरिंगच्या चाकापासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या भागावर जातो.

कसं असतं बघा, बऱ्याच छोट्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगची मोटर खाली रॅकवर नसते, ती तुमच्या गुडघ्यांच्या वर, कॉलमलाच लावलेली असते. ती मोटर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, फिरवते, वर्म गिअर फिरवतो, आणि वळवताना तुमच्या हाताला जी मदत मिळते ती तिथनं येते. काही गाड्यांत मोटर आणि वर्मच्या मधे रबराची एक छोटी चांदणी असते, तिला बाजारात कपलर किंवा कपलिंग म्हणतात. माझ्या टेबलाच्या खणात अशी एक जुनी काढून ठेवलीय, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, बोटात धरली की काळा भुगा पडतो, सहा पाकळ्यांपैकी दोन तर शिल्लकच नाहीत. दहा-बारा वर्षं उन्हात तापून रबर असं भुसभुशीत होऊन झडतं आणि मग मोटरचे लोखंडी दात दुसऱ्या बाजूच्या दातांवर आपटतात, तोच टक्. ज्या गाडीतनं ही निघाली तिच्या मालकाला पण आधी अख्खा कॉलम बदलायला सांगितलं होतं. पार्ट काहीशे रुपयांचा होता. कॉलम उतरवून मोटर काढायला अर्धा दिवस गेला, त्याची मजुरी पार्टच्या कितीतरी पट झाली आणि ती त्यानं आनंदानं दिली.

तुमच्या गाडीत हेच आहे असं मी इथं बसून सांगू शकत नाही. कॉलमच्या खाली जो जोड असतो, स्टीअरिंगचा दांडा रॅकला जिथं मिळतो तिथला युनिव्हर्सल जॉइंट, तो झिजला तरी असाच टक् हाताला लागतो. म्हणून तपासणी करून घ्या, आणि समोर उभं राहून करून घ्या. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रलला, इंजिन चालू. एकानं स्टीअरिंग दोन-तीन इंच इकडे-तिकडे हलवायचं आणि मेकॅनिकनं पायाशी वाकून एक हात कॉलमवर, मग खालच्या जोडावर ठेवायचा. ज्या ठिकाणी टक् बोटांना सगळ्यात जास्त लागतो तिथंच बिघाड असतो, हाताला कळतं ते, कान फसतात. बोनेटखाली, डॅशबोर्डखाली, सगळीकडे आवाज लोखंडातनं पसरतो म्हणून नुसतं ऐकून सांगणं अवघड असतं.

मग इंजिन बंद करून पुढची बाजू जॅकवर आणि खाली स्टँड. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवायचं, लूज वाटलं तर टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारा बाहेरचा सांधा, किंवा आतला रॅक एंड. बारा आणि सहाच्या जागी धरून लूज वाटलं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट, तो स्टीअरिंगचा विषयच नाही. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात तेही दाबून बघायला सांगा, फाटलेले असतील तर आत धूळ-पाणी जाऊन रॅकची वाट लागते, तेव्हा मात्र रॅक गेलाय हे म्हणणं मी गंभीरपणे घेईन. एवढ्या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. ह्या तपासणीचे कुणी तीनशे-पाचशे मागितले तर द्या, मला तो खर्च कधीच वाया गेलेला वाटत नाही.

आता तुमचा कागद. समजा रॅकच गेलाय असं सिद्ध झालं, तरी ह्यात तीन ठिकाणी बोलायला जागा आहे. बहुतेक गाड्यांची नवी रॅक असेंब्ली येते तीच रॅक एंड आणि बूट लावून येते, तेव्हा 2,200 चे रॅक एंड वेगळे कशाला, हे विचारा. डबा उघडून बघायला सांगा, आत लागलेलेच असतील तर ती ओळ खोडायची. दुसरं, टाय रॉड एंड बदलले की अलाइनमेंट करावीच लागते, त्याशिवाय टायर एका बाजूनं घासतील, त्यामुळे तो खर्च खरा आहे. पण बॅलन्सिंगचा ह्या कामाशी संबंध नाही, ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरत नसेल तर ते आत्ता राहू दे.

तिसरं जीएसटीचं, आणि इथं पुष्कळ लोक गप्प बसून पैसे देतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. पार्टच्या पाकिटावर जी एमआरपी छापलेली असते तिच्यात सगळे कर धरलेले असतात. एमआरपी लावायची आणि वर परत जीएसटी लावायचा असं करता येत नाही. तुमच्या कागदावरचे पार्टचे भाव एमआरपी असतील तर कर फक्त लेबर आणि अलाइनमेंटवर, म्हणजे 5,700 वर लागेल, तो होतो 1,026. त्यांनी 24,600 वर लावून 4,428 केलाय. फरक 3,402 रुपयांचा. भाव एमआरपीच्या खाली, कर सोडून लावलेले असतील तर मात्र त्यांचं बरोबर असू शकतं, पण तरी कर धरून एकूण किंमत एमआरपीच्या वर जाता कामा नये, म्हणून प्रत्येक पार्टचं पाकीट बघायचं. आणि जीएसटी घेतायत तर बिलावर पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर हवाच, नोंदणी नसलेल्या गॅरेजला तुमच्याकडनं हा कर घेताच येत नाही. जाता जाता, 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या पार्टवरचा कर सरसकट 18 टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर 28 होता, तेव्हा जुना स्टॉक जुन्या एमआरपीनं देत असतील तर तेही विचारा.

लेबरवर मी तुम्हाला घासाघीस करायला सांगणार नाही. रॅक काढायला कित्येक गाड्यांत खालचा क्रॉस मेंबर, म्हणजे आडवी लोखंडी तुळई, उतरवावा लागतो, दोन माणसं, चार-पाच तास, त्याला 4,500 मला जास्त वाटत नाहीत. चांगल्या मिस्त्रीच्या हातावर लोक पैसे कमी करतात आणि पार्टवर डोळे झाकून देतात, हे उलटं आहे. ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसलेले पार्ट कुठल्या कंपनीचे ते बघितलंत का? राणेसारख्या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांना स्टीअरिंगचे पार्ट पुरवतात आणि स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतात, असा पार्ट कमी पैशात मिळाला तर खुशाल घ्या. पण नाव नसलेला टाय रॉड एंड घेऊ नका. त्यातला बॉल जॉइंट निखळला तर ते चाक आपल्या मनानं वळतं आणि स्टीअरिंगचं ऐकत नाही. कपलर गेला तर तसं होत नाही, स्टीअरिंगचा दांडा चाकापर्यंत जोडलेलाच राहतो, फक्त आवाज आणि थोडा ढिलेपणा. म्हणून घाटाच्या बाबतीत माझं म्हणणं असं की तीन-नऊला चाक लूज निघालं तर ते बदलल्याशिवाय आंबा घाट उतरू नका. बिघाड कपलरचाच आहे हे नक्की झालं तर घाईत काम उरकायची गरज नाही, पण निघायच्या आधी करून घेतलंत तर प्रवासात मन शांत राहील.

गॅरेजवाल्यांशी बोलताना भांडणाच्या सुरात जाऊ नका, कदाचित त्यांना खरंच तसं वाटलं असेल. एवढंच म्हणा, दादा, लूज कुठं आहे ते मला हात लावून दाखवा, आणि काढलेले जुने पार्ट मला परत द्या. जो दाखवतो त्याच्याकडे काम करा, चार पैसे जास्त गेले तरी. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे दाखवा, तिथं पहिला आकडा सांगू नका, नुसती तक्रार सांगा. आणि काम करून पण आवाज तसाच राहिला, पैसे परत द्यायला कुणी तयार नाही, अशी वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, बिल आणि हा इस्टिमेटचा कागद तोवर जपून ठेवा.

प्रश्न : आमच्या जुन्या डिझेल गाडीला ऑइलवालं पॉवर स्टीअरिंग आहे. दर पंधरा दिवसांनी ऑइल टाकावं लागतं, वळवताना घर्र आवाज येतो. एक जण म्हणतो पंप बदला 11,000, दुसरा म्हणतो रॅक रिपेअर करतो 6,000. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अजून कुणाचंच नको. ऑइल संपतंय म्हणजे ते कुठूनतरी बाहेर जातंय, आणि ऑइल कमी झालं की हवा शिरून चांगला पंपसुद्धा घर्र करतो. आधी पंप, पाइप, रॅक सगळं धुऊन कोरडं करा, दोन दिवस चालवा आणि ओलं कुठं होतंय ते बघा. पाइपच्या जोडाशी ओलं असेल तर काम पाइपवरच भागेल. रॅकचा रबरी बूट दाबल्यावर आत ऑइल डुबडुबलं तर रॅकचे सील गेलेत, मग 6,000 वाल्याला एकच गोष्ट विचारा : आतला दांडा बघितला का? त्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सील थोड्याच दिवसांत कापले जातात, तो दांडा चांगला असेल तरच रिपेअर करा आणि किती महिन्यांची गॅरंटी ते बिलावर लिहून घ्या. गळती थांबवून, ऑइल भरून, हवा काढून झाल्यावरही घर्र राहिली तर पंपाचं बघू.