गाडी विकली, पण पॉलिसी अजून माझ्याच नावावर

प्रश्न : मागच्या आठवड्यात माझी कार ओळखीतल्याच एकाला विकली. पॉलिसीचे अजून 7 महिने बाकी आहेत, 5 वर्षं एकही क्लेम नाही त्यामुळे 50 टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) आहे. घेणारा म्हणतो इन्शुरन्स आहे तसा राहू दे, गाडीबरोबर तो आपोआप माझाच होतो. शेजारचे काका म्हणतात कॅन्सल कर आणि उरलेले पैसे परत घे. फॉर्मवर सह्या झाल्यात, आरसी अजून माझ्याच नावावर आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडे फुल इन्शुरन्स म्हणतात ना, त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई, आणि दुसरी ओन डॅमेज, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 157 म्हणतं की मालकी बदलली की पॉलिसी नव्या मालकाकडे गेली असं धरायचं, पण सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय की हे फक्त थर्ड पार्टीपुरतं आहे. ओन डॅमेज नावावर करून घेतल्याशिवाय जात नाही. म्हणजे घेणाऱ्याने उद्या गाडी खांबावर घातली आणि पॉलिसी तुमच्याच नावावर असली, तर सर्व्हेअर येईल, फोटो काढेल, आणि क्लेम मात्र रिजेक्ट होईल. कारण गाडी त्याची, पॉलिसी तुमची.

त्याला 14 दिवसांत कंपनीकडे ट्रान्सफरचा अर्ज करायचा असतो, तुमचा एक आठवडा गेलाय तेव्हा आजच फोन करून सांगा. आणि हेही आत्ताच सांगून टाका की तुमचा एनसीबी त्याला मिळणार नाही. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पॉलिसी त्याच्या नावावर होताना उरलेल्या महिन्यांसाठी त्या डिस्काउंटचा फरक कंपनी त्याच्याकडून भरून घेते, आणि मग तो तुम्हाला म्हणतो तुम्ही तर इन्शुरन्ससकट म्हणाला होतात! ओळखीतल्या व्यवहारात भांडणं होतात ती अशीच.

तुम्ही कंपनीकडून एनसीबी रिटेन्शन लेटर मागून घ्या. विक्रीचा पुरावा द्यावा लागतो, आणि ते लेटर 3 वर्षं चालतं, नवीन कार घेतली की तिच्या ओन डॅमेज प्रीमियमवर तेच 50 टक्के सुटतात (थर्ड पार्टीवर नाही, तिथे एनसीबी लागतच नाही). शोरूमवाले स्वतःहून आठवण करून देतील या भरवशावर राहू नका.

आता काकांचं. कॅन्सल करता येतं, पण त्या गाडीचा दुसरा इन्शुरन्स निघाल्यावरच. विनाइन्शुरन्स गाडी रस्त्यावर आली आणि कुणाला उडवलं, आरसी तुमच्या नावावर, तर भरपाईची नोटीस तुमच्या घरी. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की गाडी विकून हातातून गेली असली तरी आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, आणि त्या केसमध्ये तर गाडी पुढे आणखी दोन-तीन जणांना विकली गेली होती. तेव्हा तुमची खरी काळजी आरसीची असली पाहिजे, इन्शुरन्स त्याच्या मागे. फॉर्म 29 आणि 30 वर (मालकी बदलाचे आरटीओचे फॉर्म) सह्या करून कागद त्याच्या डिकीत पडून राहिले तर काहीच उपयोग नाही, अर्ज आरटीओत गेला का ते विचारत राहा, पावतीचा फोटो मागा. आणि डिलिव्हरीचं पत्र केलं नसेल तर आजही करा, तारखेसोबत वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या. आधीचं ई-चलान कुणाचं आणि नंतरचं कुणाचं हे त्यावरच ठरतं.

हो, काचेवरचा फास्टॅग काढलात ना? नसेल तर बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कटत राहील.

प्रश्न : गाडी विकून वर्ष झालं, एनसीबी लेटर घ्यायचं राहूनच गेलं. आता मिळेल का?

उत्तर : मागून बघा, अजून मुदतीत आहात. जुनी पॉलिसी आणि नवीन मालकाचं नाव लागलेल्या आरसीची कॉपी घेऊन जुन्याच कंपनीत जा. नवीन गाडी बुक करण्याआधी जा, पॉलिसी निघाल्यावर नाही.