शाळा सुटते कधी?

"मॅडम, मी माझ्या हातानं पोरांचं नुकसान करत नाही ना?"

दोन मुलांना घरीच शिकवणाऱ्या एक आई माझ्याकडे आल्या होत्या. नीट बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. हातात एक वही होती. उघडून माझ्यासमोर ठेवली. सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते दुपारी एक, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर, चित्रकला, पुन्हा गणित. पट्टी धरून इतक्या निगुतीनं आखलेलं वेळापत्रक मी शाळेतही पाहिलेलं नाही.

मुलगे दोन, थोरला सात वर्षांचा आणि धाकटा पाच. वडील कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत, आई बी.एस्सी. झालेली. थोरला रोज सकाळी पोट धरून रडायचा. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. शेवटी जूनमध्ये त्याला शाळेतून काढलं आणि दोघांना घरीच शिकवायचं ठरवलं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा जानेवारी उजाडला होता. (कुटुंबाच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

घरी शिकवणाऱ्या पालकांची भीती बहुतेक वेळा हीच असते, की आपली मुलं मागे पडतील. या आईचा आठवडा तर ठरलेला होता. सोमवार झकास जायचा. मंगळवारी धाकटा टेबलाखाली शिरायचा आणि बाहेर यायचं नाव घ्यायचा नाही. बुधवारी आईचा आवाज चढायचा. गुरुवारी कुणाला तरी चापटी बसायची, मग रात्री झोपलेल्या पोराच्या केसांतून हात फिरवत रडणं. शुक्रवार-शनिवार नुसताच ओढायचा. आणि रविवारी रात्री त्या पुन्हा नवं वेळापत्रक आखायला बसायच्या.

त्यात सासूबाईंचं बोलणं. "शाहू महाराजांनी पोराला शाळंत न धाडणाऱ्या बापाला दंड लावला, आणि त्याच गावात माझी नातवंडं घरात बसल्यात." मला हे बोलणं झटकून टाकावंसं वाटलं नाही. 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. ज्या घरांत आधी कुणाच्या हाती पाटी आली नव्हती, त्यांनी शाळा मिळवलेली आहे. आज्जींच्या रागामागे काळजी होती, आणि ती रास्त होती.

पुढच्या भेटीला मुलं आली. धाकटा लगेच ठोकळ्यांत रमला. थोरला मात्र खुर्चीच्या कडेवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. त्याच्या पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून पांढरं झालं होतं.

"इथं किती वाजता सुटतं?" त्यानं विचारलं.

"पाच वाजता. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं सुटतच नाही. जेवताना पण आई इचारती, चपातीचे चार तुकडे केले तर एक म्हणजे किती."

तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं तसं त्यानं ते सांगितलं. शेजारी आई बसली होती. ती काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं.

शाळेत जाणारं मूल बाईंचा ओरडा खातं, घरी येतं, दप्तर फेकतं आणि आईला सांगतं, "बाई मला लई बोलल्या." या पोरानं कुणाला सांगायचं? बाई आणि आई एकच. शिकवायला बाई मिळाली तेव्हा घरातली आई कुठेतरी हरवली होती, आणि हे पाच वर्षांच्या धाकट्यालाही कळत होतं. टेबलाखाली तो अभ्यास चुकवायला जायचा असं मला वाटत नाही. बाई निघून आई यायची वाट बघत तो तिथे बसायचा.

मग आम्ही हिशेब मांडला. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन धरलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास, तेही तीस मुलांमागे एक शिक्षक या मापानं. त्यात हजेरी आली, रांगा आल्या, गप्प बसवणं आलं, एकाला समजेपर्यंत बाकीच्यांनी थांबणं आलं. या आई दोनच पोरांना दिवसाला पाच तास बसवत होत्या, आठवड्यातून सहा दिवस. पाच वर्षांचं मूल न आवडणाऱ्या कामावर सलग दहा-पंधरा मिनिटं टिकलं तरी मी त्याला शाबासकी देते.

मी त्यांना सांगितलं, एक आठवडा वेळापत्रक आखू नका. दिवसभरात जे घडलं तेवढं रात्री लिहा.

त्या वहीतला बुधवार मला अजून आठवतो. "आज अभ्यास काही झाला नाही. मामासोबत गुऱ्हाळावर गेले होते." मी म्हटलं, तिथे काय झालं ते सांगा. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला. काहिलीत रस उकळताना गुळव्या भेंडीचं पाणी का ओततो, हे थोरल्यानं विचारून घेतलं होतं. मळी वर येते आणि झाऱ्यानं काढता येते, हे घरी येऊन आज्जीला समजावलं. गुळाचे दहा किलोचे तीन रवे, म्हणजे ढेपा, मिळून एक मोठा रवा, मग मोठे बारा असतील तर लहान किती, हे त्यानं बोटांवर मोजून काढलं. धाकटा चुलवाणाशेजारी उसाची चिपाडं ओळीनं मांडत बसला होता, लांब ते आखूड. येताना थोरल्यानं केएमटी बसची पाटी वाचली, "रंकाळा" हा शब्द जोडाक्षर नसल्यानं सोपा आहे असंही वर सांगितलं.

आणि याच्यावर त्यांनी लिहिलं होतं, काही झालं नाही.

पण म्हणून गुऱ्हाळाचंही वेळापत्रक करू नका, असं मी लगेच सांगितलं. कारण पुढच्या बुधवारी त्या तिथे वही-पेन घेऊन गेल्या असत्या, याची मला खात्री होती. मी एकच गोष्ट करायला सांगितली. देवघरातली घंटा घ्या. नऊला वाजवा, अकराला वाजवा. मधे धाकट्यानं वीस मिनिटं बसलं तरी पुरे. अकराची घंटा झाली की शाळा सुटली. मग चपातीचे तुकडे मोजायचे नाहीत, अक्षर सुधारायचं नाही, "हे काय लिहिलंय" म्हणायचं नाही. घंटेनंतर पोरांनी काही विचारलं तर उत्तर द्या, तुम्ही मात्र प्रश्न विचारू नका.

हे शेवटचं त्यांना फार अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात दोनदा फोन आला.

मागे पडण्याच्या भीतीवर कोरडा धीर देऊन भागत नाही, म्हणून वाटा दाखवल्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. आणि उद्या शाळेत परत घालावंसं वाटलं तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यातच आहे. हे आज्जींनाही समोर बसवून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सोबत्यांचं काय?" प्रश्न बरोबर होता. आता थोरला संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या तालमीत जातो, अंगभर लाल माती घेऊन येतो.

त्याच्या पोटदुखीचं वेगळं आहे. ते काम आमचं दोघांचं अजून चालू आहे, आणि शाळेबद्दल तो आताशा एखाद-दुसरं वाक्य बोलतो.

मार्चमध्ये आई एकट्याच आल्या. घंटा वाजवायचं काम आता धाकट्याकडे दिलंय म्हणाल्या. आदल्या दिवशी त्यानं नऊला घंटा वाजवली, पाटीवर एक "ग" काढला, उठला आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी पुन्हा वाजवली. शाळा सुटली म्हणून मांडीवर येऊन बसला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"बसू दिलं."