टाइमशीटमध्ये आठच तास

तुम्ही विचारलंय की पुण्यातली नोकरी सोडून जर्मनीतल्या कन्सल्टिंग कंपनीची ऑफर घ्यावी का, बायको आणि दुसरीतली मुलगी बरोबर येणार आहेत, आणि "तिकडे वर्क-लाइफ बॅलन्स चांगलं असतं ना?" दुपारी मी याला दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि खोडलं. आता रात्रीचे अकरा वाजलेत, बायको झोपली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्लू कार्डला, म्हणजे पदवीधरांच्या इथल्या कामाच्या परवान्याला, पगार किती लागतो, पदवीची मान्यता कुठे तपासायची, विमा कुठला, हे सगळं 'मेक इट इन जर्मनी' या सरकारी संकेतस्थळावर आहे. आकडे दरवर्षी बदलतात, तेव्हा तिथेच बघा.

मी एप्रिल २०१५ मध्ये आलो. मूळचा सांगलीचा, हिंजवडीत नऊ वर्षं काढलेली. बव्हेरियातल्या एका मध्यम आकाराच्या कन्सल्टिंग कंपनीत पावणेपाच वर्षं होतो. शहराचं आणि कंपनीचं नाव देत नाही, हे जग लहान आहे. आज त्याच शहरात एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या आयटी विभागात आहे. इथल्या धातू उद्योगात १९९५ पासून ३५ तासांचा आठवडा आहे आणि साडेचारनंतर आमच्या मजल्यावर फक्त सफाईवाल्या बाई असतात. म्हणजे तुम्ही ऐकलंय ते खरंच आहे. फक्त ते माझ्या आत्ताच्या कंपनीचं वर्णन आहे, तुम्हाला ऑफर आली आहे तसल्या कंपनीचं नाही.

हिंजवडीतला माझा मॅनेजर ओरडायचा, आणि अर्ध्या तासाने स्वतःच चहाला घेऊन जायचा. इथे कोणी ओरडत नाही. पार्टनरपासून, म्हणजे कंपनीतल्या भागीदार साहेबापासून, ट्रेनीपर्यंत सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे एकेरी. मला वाटलं, वा, काय मोकळं वातावरण. संध्याकाळी साडेसहाला क्लायंटच्या मीटिंगरूममध्ये सगळे लॅपटॉप उघडून बसलेले असायचे. पार्टनर कोट घालता घालता माझ्या खुर्चीमागे थांबायचा, स्क्रीनकडे बघायचा आणि म्हणायचा, "शाफ्स्ट डू दास नोख?" तुला हे अजून जमेल ना? हसून, खांद्यावर हात ठेवून. हा प्रश्न आहे असं समजून एका जर्मन सहकाऱ्याने एकदा "नाही" असं उत्तर दिलं आणि बॅग उचलून निघून गेला. पुढच्या प्रोजेक्टला तो नव्हता. मी पावणेपाच वर्षं "हो, नक्की" म्हणालो. आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. तेव्हा कुठे ऐकलं.

याचं गणित असं. पार्टनर एका ठरलेल्या किमतीला काम विकतो, समजा साठ दिवसांचं. काम असतं नव्वदचं. हे वरचे तीस दिवस टाइमशीटमध्ये आले तर प्रोजेक्टचा तक्ता लाल होतो आणि पार्टनरच्या बोनसला कात्री लागते. म्हणून ते येत नाहीत. ते आमच्या रात्रींमध्ये, गुरुवारच्या परतीच्या ट्रेनमध्ये आणि रविवारी मुलीच्या वाढदिवसाच्या केकनंतर बसवले जातात. कायद्याने दिवसाला आठ तास, फार तर दहा, आणि काम संपल्यावर सलग ११ तासांची विश्रांती. रात्री पावणेदोनला स्लाइड पाठवून सकाळी नवाला क्लायंटकडे हजर, हे कायद्यात बसत नाही. पण टाइमशीट बघा, प्रत्येक दिवसापुढे ८.०. सगळे स्वतःच्या हाताने भरलेले. मला कोणी तोंडी सांगितलंसुद्धा नव्हतं. पहिल्या महिन्यात मी एका दिवसापुढे साडेदहा लिहिले, तर शीट परत आली. शेरा एकच: "कृपया तपासून पाहा."

मग सोडून का गेला नाहीस, असं माझा धाकटा भाऊ विचारतो. कागदांमुळे, असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. तेव्हा पहिल्या दोन वर्षांत नोकरी बदलायची तर परवानगी लागायची. आता नियम सैल झालेत, पहिल्या बारा महिन्यांत परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवावं लागतं आणि ती आडकाठी करू शकते, त्यानंतर तेही नाही. कायम वास्तव्याचा परवाना तेव्हा ३३ महिन्यांनी, आणि जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पायरीपर्यंत, येत असेल तर २१ महिन्यांनी. आता ३३ चे २७ झालेत. माझं जर्मन ए-वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, पुढे गेलं नव्हतं, कारण शिकवणी संध्याकाळी सहाला असायची आणि सहाला मी कुठे असायचो ते वर लिहिलंच आहे. जर्मन शिका हा सल्ला तुम्हाला सगळेच देतील. सहा वाजता मोकळे असाल का, हे कंपनीला विचारा.

जानेवारी २०१८ मध्ये ३३ महिने भरले. अपॉइंटमेंट मिळायला पाच महिने गेले. आणि इतर कागदांबरोबर कंपनीचं एक प्रमाणपत्र लागायचं की याची नोकरी कायम आहे, याने राजीनामा दिलेला नाही आणि आम्ही याला काढलेलं नाही. आमच्या शहरात ते दोन आठवड्यांच्या आतलं लागायचं. कंपनीचा एचआर ते द्यायला तीन आठवडे लावायचा. बसा आता हिशेब करत. अपॉइंटमेंट जूनच्या ज्या आठवड्यात मिळाली त्याच आठवड्यात सांगलीत बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी गेलो नाही. इस्त्रीचा शर्ट घालून फाइल घेऊन कचेरीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी प्रमाणपत्रावरच्या तारखेखाली पेन्सिलने रेघ मारली, सोळा दिवस झाले होते, आणि फाइल जशीच्या तशी माझ्याकडे सरकवली. घरी आलो तेव्हा फोनवर फोटो आले होते, बाबांना ८१ दिव्यांनी ओवाळतानाचे. परवाना शेवटी नोव्हेंबरमध्ये मिळाला.

एकटेपणाबद्दलही विचारलंय तुम्ही. असतो. गणपतीत महाराष्ट्र मंडळात मोदक मिळतात, हल्ली कोथिंबीरसुद्धा बरी मिळते. पुढे.

नोव्हेंबर २०१८ नंतर मला कुठलाही कागद अडवत नव्हता, आणि मी आणखी तेरा महिने तिथे बसून राहिलो. याचं उत्तर माझ्याकडे नाही. मॅनेजर केलं होतं, हे एक असेल. आमच्या टीममध्ये तेव्हा नागपूरची एक मुलगी आली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, माझ्यापेक्षा हुशार. दुसऱ्याच आठवड्यात तिने टाइमशीटमध्ये अकरा, साडेदहा, बारा असे खरे तास लिहून पाठवले. शीट मंजुरीला माझ्याकडे आली. मी तिच्या टेबलापाशी गेलो आणि मराठीत म्हणालो, "अगं, आठच टाक. इथे असंच असतं." मराठीत, म्हणजे शेजारच्यांना कळू नये. तिने माझ्याकडे पाहिलं, "बरं दादा" म्हणाली आणि टाकले आठ. पुढे प्रोजेक्ट घसरला तेव्हा पार्टनरने विचारलं की ही मुलगी रोज आठच तास काम करते का, इतरांइतकी मेहनती दिसत नाही. मी त्या खोलीत होतो. प्रोबेशनमध्ये, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. तिला पाचव्या महिन्यात काढलं. हे मी बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

राजीनामा दिल्यावर मी एका कामगार-कायद्याच्या वकिलाकडे गेलो. पहिल्या सल्ल्याचे १९० युरो, वर कर. माझ्या करारात कलम होतं की जादा तासांचा मोबदला पगारातच धरलेला आहे. असं मोघम कलम न्यायालयं मानत नाहीत, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मी खुशीत पुढे सरकलो. मग त्यांनी विचारलं, टाइमशीटमध्ये किती तास आहेत? आठ. कोणी लिहिले? मी. जादा काम केलं हे सिद्ध कामगारानेच करायचं असतं. त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं.

कंपनी सोडताना इथे कामाचं प्रशस्तिपत्र मिळतं, आर्बाइट्सत्सॉयग्निस. ते चांगल्याच भाषेत लिहायचं असा दंडक आहे, म्हणून खरं मत शब्दांच्या छटांमध्ये लपवतात. "सदैव आमच्या पूर्ण समाधानाने" म्हणजे चांगला, "आमच्या पूर्ण समाधानाने" म्हणजे ठीकठाक. फरक फक्त 'श्टेट्स' या शब्दाचा, म्हणजे 'सदैव'. माझ्या पत्रात तो नाही. ठीकठाकच्या वरचा शेरा हवा असेल तर पुरावा आपण आणायचा, आणि माझे पुरावे आठ-आठ तासांचे. ती फाइल अजून कपाटात आहे. तो एक शब्द मला आजही चावतो.

तेव्हा ऑफरवर सही करण्याआधी मुलाखत घेणाऱ्याला नाही, तर त्या टीममध्ये दोन वर्षं काढलेल्या माणसाला गाठा आणि विचारा की नववा तास कुठे लिहितात. कामाच्या वेळेची नोंद ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे, हे इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे "नोंद ठेवता का" याला सगळे हो म्हणतील. नवव्या तासाला गप्प होतात. बेट्रिब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडलेली समिती, आहे का ते विचारा. पाच माणसांच्या कंपनीतही ती स्थापता येते, आणि आमच्या चारशे जणांत नव्हती. "आमच्याकडे त्याची गरजच पडत नाही" असं कोणी हसत म्हणालं, तर समजून जा. कायदेशीर मदतीचा विमा पहिल्याच महिन्यात काढा, नोकरीच्या भांडणांना तो साधारण तीन महिन्यांनी लागू होतो.

आणि मुलगी. तुम्ही राज्य कुठलं ते लिहिलेलं नाही. बव्हेरिया असेल तर हे नीट वाचा. इथे चौथीतच पोरांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढतात. एक सर्वांत चांगली. २.३३ पर्यंत गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. माझ्या मुलीला मे २०१९ मध्ये गणितात दोन आणि बाकी दोन्हींत तीन मिळाले. २.६६. जर्मनमधला तीन कुठून आला ते मला माहीत आहे, तिच्याशी घरी जर्मन बोलणारं कोणी नव्हतं आणि शिकायचं मी पुढे ढकलत होतो. पण तरीही एक वाट असते, प्रोबेउंटरिश्ट. गिम्नाझियुममध्ये तीन दिवस बसवून पोर पारखतात. त्यासाठी पालकांनी मे महिन्यातल्या ठरलेल्या मोजक्या दिवसांत नाव घालायचं असतं. शाळेचं पत्रक आलं होतं. बायकोला ते वाचता आलं नाही, तिने फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं, मी आल्यावर बघेन म्हणून. मी हँबुर्गला क्लायंटकडे होतो, सोमवार ते गुरुवार, आणि मग तो शनिवारही. पत्रक वाचलं तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते.

मुलगी आता अकरावीत आहे, रेआलशूलेनंतरच्या एफ.ओ.एस. नावाच्या शाळेत, तिथून विद्यापीठाचा रस्ता आहे. छान चाललंय, मी विषय काढला की तीच म्हणते, बाबा पुरे. तुमची आत्ता दुसरीत आहे, म्हणजे इथे आल्यावर तुमच्या हातात जेमतेम दोन वर्षं. चौथीचा मे महिना आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आणि त्या आठवड्यात कोणी कितीही हसून विचारलं तरी क्लायंटकडे जाऊ नका.