मेणकागदात गुंडाळलेली, कधीच न वापरलेली ली-एनफिल्ड मिळतेय. उघडू की तशीच ठेवू?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही अमेरिकेत आहात, १९५५ ची फझाकर्ली बनावटीची ली-एनफिल्ड (ब्रिटिश लष्कराची बोल्टवाली रायफल), नंबर ४ मार्क २ प्रकारची, मिळतेय, ती अजून ग्रीस आणि मेणकागदातच आहे, आणि विकणारा म्हणतो की कागद फाडला की किंमत गेली. माझं मत: उघडा. पण एकदाच, आणि उघडल्यावर हात कमीत कमी लावा.

विकणाऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, बंद पुडक्याला जास्त पैसे मोजणारे आहेत. पण कागद हा पुरावा नव्हे. लिव्हरपूलजवळच्या फझाकर्लीच्या सरकारी कारखान्यात जुन्या रायफलीही दुरुस्त व्हायच्या, आणि त्याही अशाच ग्रीस फासून बांधल्या जायच्या. शिवाय कागद कुणालाही पुन्हा गुंडाळता येतो. खरं काय ते बॉडीच्या (जिच्यात बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा पोलादी तुकडा, मागेपुढे सरकतो तो सांगाडा) डाव्या बाजूला कोरलेलं असतं. तिथे 'मार्क १/२' किंवा 'मार्क १/३' दिसलं तर ती आधीची रायफल, नंतर बदललेली. 'एफटीआर' दिसलं तर ती कारखान्यात पूर्ण दुरुस्त होऊन आलेली. मग बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि पुढच्या लाकडाच्या टोकाखालचा नंबर दस्ता जिथे बॉडीत बसतो त्या सॉकेटवरच्या, 'पीएफ' ने सुरू होणाऱ्या नंबराशी जुळवा. बोल्टच्या तोंडावर काडतुसाच्या पितळेचा हलका ठसा दिसला तर घाबरू नका: कारखान्यात प्रत्येक रायफल गोळी झाडून तपासत. 'इश्यू न झालेली' (सैनिकाला कधी न दिलेली) म्हणजे 'न झाडलेली' नव्हे.

उघडायचं दुसरं कारण गंज. जुनं ग्रीस सुकतं, आकसतं, त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगेतून ओल शिरली की कागदाखाली गंज धरतो. बाहेरून काहीच कळत नाही.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कागद खालच्या बाजूने, लांबीत कापा आणि लेबलांसकट जपून ठेवा. हातात नायट्राइलचे मोजे घाला, सुती मोज्यातून रायफल निसटते.

आता ग्रीस. पोलादासाठी मिनरल स्पिरिट (पेट्रोलियमपासूनचं सौम्य द्रावण) आणि मऊ फडकं, कोनाकोपऱ्यात दात घासायचा जुना ब्रश. अॅसिटोन, ब्रेक क्लीनर, स्टील वूल अजिबात नको: या काळातल्या फझाकर्लीच्या रायफलींवर फॉस्फेटवर काळा रंग भाजून बसवलेला असतो, तो ओरखडला की परत येत नाही. लाकडावर तर स्पिरिटही नको. बीचच्या लाकडातलं ग्रीस उष्णतेने बाहेर काढा. सुटा केलेला दस्ता वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालायचा आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा. तासाभराने कागद बदलायचा, ग्रीस निथळणं थांबेपर्यंत. ओव्हनमध्ये घालू नका, लाकूड तडकेल. शेवटी कच्च्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात, बस्स. वॉर्निश मारलं की ती तुमची रायफल झाली, १९५५ ची उरली नाही.

पुढचं लाकूड काढायचं की नाही यावर संग्राहकांत वाद आहे. मी एकदा काढा म्हणेन, कारण गंज बॅरलखालीच लपतो. मात्र रिकामी असल्याची खात्री करून आधी बोल्ट बाहेर काढा, आणि दस्त्याच्या बोल्टला (हा वेगळा: दस्ता बॉडीला आवळणारा लांब स्क्रू) पाना लावण्याआधी पुढचं लाकूड उतरवा. जुन्या एनफिल्डमध्ये त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं, फिरवलं की लाकूड उभं फाटतं. नंबर ४ मध्ये बहुधा ते तसं नसतं, पण सवय हीच ठेवा. लाकूड सरळ खाली ओढा. पुढच्या टोकाला धरून उचकटलं तर मागचे, बॉडीला टेकणारे काठ चेपतात आणि नेम बिघडतो. मार्क २ मध्ये ट्रिगर लाकडाबरोबर येत नाही, बॉडीलाच टांगलेला राहतो. मार्क १ मध्ये तो ट्रिगर गार्डवर असायचा आणि लाकूड फुगलं की चापाची ओढ बदलायची, म्हणून हा बदल केला. साधी गोष्ट, पण तिच्यामुळेच ही रायफल मला आवडते.

रायफलीच्या बोल्टच्या आतलं घट्ट ग्रीस कधीकधी फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी) मंद करतं. पिन काढायला खास हत्यार लागतं. ते नसेल तर बोल्ट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, निथळू द्या, मग तेलाचा थेंब. बोल्टचं डोकं दुसऱ्या रायफलीशी बदलू नका, त्यावरचा ० ते ३ अंक म्हणजे त्याची लांबी.

ठेवायला हवेत आर्द्रता ४५ ते ५० टक्के. ६० च्या वर गंज, फार खाली लाकूड आकसतं. चामड्याची किंवा फोमची केस फक्त ने-आण करायला, त्यात कायम ठेवू नका. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका, ओल तिथेच साठते. पोलादावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर पुरतो. बोल्ट बंद, स्प्रिंग सैल. आणि नळी खाली करून उभी ठेवा, नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं आणि लाकूड काळं, भुसभुशीत होतं.

कायद्याचं थोडक्यात: ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली असेल तर अमेरिकेच्या संघीय नियमात ती 'क्युरिओ अँड रेलिक' (संग्राह्य जुनं शस्त्र) ठरते. संग्राहकाचं ०३ लायसन्स तीन वर्षांना ३० डॉलर. राज्याचे नियम वेगळे तपासा. भारतात न्यायचा विचार सोडा: थ्री-नॉट-थ्री, म्हणजे हिचाच बोअर, तिथे प्रतिबंधित आहे.