खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्याने इंग्रजी प्रयोगशील फोकमधला, म्हणजे लोकगीतांच्या वळणाच्या पण नवे प्रयोग करणाऱ्या गाण्यांमधला, कोणता पहिला अल्बम ऐकावा?

अमेरिकी गायिका लिंडा पेरहॅक्स यांचा ‘पॅरालेलोग्राम्स’, १९७०. दुसरा शोधूच नका.

बाई कॅलिफोर्नियात दातांच्या दवाखान्यात नोकरी करायच्या. सिनेमाचे संगीतकार लिओनार्ड रोझेनमन तिथे पेशंट म्हणून यायचे, त्यांनीच हा अल्बम करवून घेतला. शीर्षकगीत हेडफोन लावून ऐका. गिटारवर भूमितीच्या आकारांची नावं, लिंडाबाईंच्याच आवाजाचे एकावर एक थर. मधेच चाल विरघळते, नुसते घुमणारे नाद उरतात, आणि मग ती हळूच परत येते. मला आमच्या चोपड्याकडचा अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका आणि त्यावरची गाणी आठवली. एकीची ओळ संपायच्या आत दुसरी उचलते ना, तसं.

अल्बम तेव्हा खपला नाही. बाई पुन्हा दवाखान्यात. दुसरा अल्बम थेट २०१४ मध्ये, ४४ वर्षांनी! आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी त्या गेल्यावर, १९५२ला पुस्तकात आली. लिंडाबाईंना आपले ऐकणारे डोळ्यांनी बघता आले, याचं मला फार बरं वाटतं.

इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी चालेल. पहिल्या वेळी फक्त आवाज ऐका, रात्री, अंगणात खाट टाकून.