चिनी राजवाड्याच्या दारात दोन सिंह असतात, त्यातली मादी कुठली आणि ते तिथे ठेवतात कशाला?

पंजाखाली पिल्लू असेल ती मादी, चेंडू असेल तो नर. आयाळीवरून ओळखायला जाल तर फसाल कारण दोघांनाही सारखीच कुरळी आयाळ देतात. बीजिंगच्या फॉरबिडन सिटीतली (जुन्या शाही राजवाड्यातली) ब्राँझची जोडी फोटोत झूम करून बघा, नराचा उजवा पंजा चेंडूवर आहे आणि मादीचा डावा पंजा उताण्या पडलेल्या पिल्लावर. आपण दाराकडे तोंड करून उभे राहिलो तर नर उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या वाड्यात पूर्वेला, ती यांगची, म्हणजे पुरुष तत्त्वाची बाजू. चेंडू म्हणजे जगावरची सत्ता, पिल्लू म्हणजे वंश आणि घरदार, थोडक्यात एक बाहेरचं बघतो, एक आतलं. आणि अर्थात वाईट शक्तींना दारातच अडवायचं काम दोघांचं.

फक्त हे मिंग-छिंग घराण्यांच्या काळातल्या (चौदाव्या ते विसाव्या शतकातल्या) जोड्यांना धरून आहे, शाआन्शी प्रांतातल्या त्याआधीच्या तांग घराण्याच्या काळातल्या छ्यानलिंग समाधीपुढच्या दगडी सिंहांकडे ना चेंडू ना पिल्लू. आणि सिंह तसा चीनचा नाहीच हो, हान घराण्याच्या काळात (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी) पश्चिमेकडच्या राज्यांतून नजराणा म्हणून आला आणि बौद्ध धर्माबरोबर दारात बसला. मूळ चिनी राखणदार हवे असतील तर हे चार दिशांचे:

- पूर्व: निळा-हिरवा ड्रॅगन
- पश्चिम: पांढरा वाघ
- दक्षिण: लाल पक्षी (फिनिक्स वेगळा बरं का)
- उत्तर: कासव आणि त्याला विळखा घातलेला साप

हान काळातल्या छपराच्या कौलांवर हे चौघं कोरलेले सापडतात.